डॉक्टर झालेल्या लेकीला आणखी दोन वर्षे द्या

लकडगंजचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास, आरागिरणीचा कानात बसणारा आवाज आणि फळ्या-बल्ल्यांनी लादलेले ठेले. इथल्याच एका टालीवर वीस-बावीस वर्षे हमाली केलेले एक गृहस्थ मागच्या हिवाळ्यात रविवारी सकाळी आमच्या घरी आले. खुर्ची दिली तर काठावर बसले. चहा पुढे ठेवला तर कप उचलेनात. शेवटी म्हणाले,

"भाऊ, पोरगी डॉक्टर झाली म्हणून आम्ही साऱ्या वस्तीत पेढे वाटले. आता ते म्हणते, दोन वर्ष मुंबईले जातो, अजून संशोधन करतो. हे शिकणं संपते कवा?"

प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते. आम्ही कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. रविवारी विहारात मुलांचे फॉर्म भरून देणे, कोणत्या दाखल्यासाठी कोणत्या खिडकीवर उभे राहायचे ते सांगणे, एवढीच आमची समाजसेवा. दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, हे आम्हाला तोंडपाठ आहे. पण पीएच.डी.नंतर काय, हे विचारायला आमच्या दारात आलेला हा पहिलाच बाप. आधी आनंद झाला की आपल्या वस्तीचे प्रश्न आता इथवर पोहोचले! मग घाम फुटला. त्यांना म्हटले, "बाबा, पुढच्या रविवारी या. येताना पोरीलाही आणा."

मधल्या आठवड्यात कचेरीतून सुटल्यावर आम्ही जे वाचले, ज्यांना कळते त्यांना विचारले आणि मग त्या मुलीकडूनच जे समजून घेतले, ते इथे मांडत आहोत. अशी घरे आपल्या समाजात आता एकदोन राहिलेली नाहीत.

मुलगी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. झालेली. वय एकतीस. नावापुढे 'डॉ.' लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारीण नातवाचा ताप दाखवायला घेऊन आली. "मी औषधाची डॉक्टर नव्हे," असे मुलीने सांगितले तेव्हा शेजारीण म्हणाली, "मंग इतके वर्ष काय शिकली व माय?" आपण हसतो, पण शेजारणीच्या आणि बापाच्या प्रश्नात फार अंतर नाही. आपल्या घरांत शिक्षणाचा अर्थ आजवर एकच होता. शिकायचे, नोकरी लागायची, पगार घरात यायचा. पीएच.डी. म्हणजे त्या शिडीची शेवटची पायरी, असे आपण धरून चाललो. जैववैद्यकाच्या क्षेत्रात, म्हणजे रोग, रक्त, पेशी, जंतू आणि औषधे यांच्या संशोधनात, ती शेवटची पायरी नाही.

बापाला समजेल असे आम्ही टालीच्याच भाषेत सांगितले. एखादा पोरगा एका मिस्त्रीच्या हाताखाली चार-पाच वर्षे राहून काम शिकला, ती झाली पीएच.डी. आता त्याने दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या मिस्त्रीकडे, पगारावर राहून स्वतःच्या अकलेने एक वस्तू पूर्ण करून दाखवायची. ते झाले पोस्ट-डॉक्टरल संशोधन. पोरे त्याला थोडक्यात 'पोस्टडॉक' म्हणतात. फी भरायची नाही, परीक्षा द्यायची नाही. हे शिक्षण कमी आणि नोकरी जास्त. पण कायम नोकरी मात्र नाही.

"पगार?" बापाने लगेच विचारले.

पगाराचे असे आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यांनी १ जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटचे दर ठरवून दिले. पहिल्या पायरीला महिना ५८ हजार, दुसरीला ६१ हजार आणि तिसरीला ६७ हजार रुपये. घरभाड्याचा भत्ता वेगळा. बाप आमच्याकडे आणि मुलीकडे आळीपाळीने पाहू लागले. इतके दिवस त्यांना वाटत होते की मुंबईला पाठवायचे म्हणजे पुन्हा घरूनच पैसे पाठवायचे! मुलीने दोनदा सांगितले होते म्हणे, पण 'फेलोशिप' हा शब्द ऐकला की त्यांना शाळेतली स्कॉलरशिप आठवे, वर्षाच्या शेवटी कधीतरी येणारी.

मुलीसमोर दुसराही रस्ता होता. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावणे आले होते. जेवढे तास घ्याल तेवढे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही. घराजवळ, ओळखीचे, आणि मावशीच्या मते लग्नाला सोयीचे. मुलगी तिकडे गेली असती तर कोणी नावे ठेवली नसती. मग मुंबईचाच हट्ट का, हे आम्ही तिला विचारले. तिने जे सांगितले त्यासाठी हा लेख लिहितो आहोत.

लाल कार्ड, पिवळे कार्ड

तिच्या मामेभावाकडे लाल कार्ड आहे. विदर्भातल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिकलसेलच्या तपासणीनंतर आरोग्य खात्याकडून जे कार्ड मिळते, त्यात लाल म्हणजे रुग्ण आणि पिवळे म्हणजे वाहक. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघेही पिवळ्या कार्डाचे असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. रुग्णाच्या रक्तातल्या लाल पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे दुखतात. ते दुखणे काय असते हे ज्या आईने रात्रभर पोराचे पाय चोळले आहेत तिलाच विचारावे.

हा आजार विदर्भातल्या आदिवासींत आहे, तसा आपल्या समाजातही आहे, आणि इतर काही मागास जातींतही आहे. काही समाजगटांत शंभरामागे पंधरा-वीस वाहक सापडल्याच्या नोंदी आहेत. पूर्वजन्माचे पाप, अशुद्ध रक्त, असले काही यात नाही. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा कहर होता तिथे हा गुण टिकून राहिला, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडे संरक्षण मिळत असे. एवढे साधे कारण असताना अजून लग्नाच्या बैठकीत पिवळे कार्ड लपवले जाते, आणि मग दोन पिवळ्यांच्या घरी लाल कार्ड येते.

आता यातली संशोधनाची गोष्ट पाहा. भारतात हा आजार १९५२ साली नोंदवला गेला, निलगिरीच्या आदिवासींत. सहा वर्षांनी, १९५८ साली, शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांचे मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचे टिपण 'लॅन्सेट' या विलायतेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तेव्हापासून विदर्भातल्या लोकांचे रक्त कितीदा काढले गेले असेल! ज्यांनी काढले त्यांचे उपकारच आहेत, हे आम्ही मनापासून म्हणतो. एक उदाहरण देतो. जुन्या समजुतीप्रमाणे भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य. आपल्याकडच्या रुग्णांच्या रक्तात जन्माच्या वेळचे हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, म्हणून. पण नागपूरच्या सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि मुंबईच्या शास्त्रज्ञांनी मिळून दोन हजारांवर नवजात बालके तपासली, त्यांतल्या आजारी बालकांची पुढे नोंद ठेवली, आणि २०१६ साली छापले की इथे कितीतरी मुलांना हा आजार तीव्र स्वरूपात होतो. 'सौम्य आहे' म्हणून ज्या मुलाकडे दुर्लक्ष झाले असते त्याच्यासाठी हा कागद किती मोलाचा! हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी कमी आणि ठरीव मात्रेत दिली तरी मुलांना गुण येतो, हेही नागपुरातच तपासून पाहिले गेले. आज लाल कार्डवाल्या किती घरांत ती गोळी आहे.

त्या मुलीने आम्हाला असा एक शोधनिबंध उघडून दाखवला. आम्हाला इंग्रजी वाचता येते, पण अडखळत. तिने बोट ठेवून दाखवले. मधल्या तक्त्यात जातींची नावे होती. आपल्या जातीचे नाव होते, पुढे आकडा होता. वर, मथळ्याखाली, संशोधकांची नावे होती. ती एवढेच म्हणाली, "काका, आपलं नाव इथे तक्त्यात आहे. मला तिकडे वर पाहिजे."

बाप काही बोलले नाहीत. चहा प्यायले.

छावणीतला मुलगा

या आजाराच्या इतिहासातली एक हकिकत तिनेच सांगितली, ती वाचकांना आवडेल. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. त्यांचा रुग्ण दंतवैद्यकीचा विद्यार्थी होता, वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडा बेटावरून आलेला काळा तरुण. पण पेशी वाकते का, हे पुढची जवळजवळ चाळीस वर्षे कोणाला कळले नाही.

ते शोधणाऱ्यांत हार्वे इटानो नावाचा एक तरुण होता. जन्म अमेरिकेतला, आईबाप जपानी. १९४२ साली तो बर्कलेच्या विद्यापीठात सर्वात हुशार विद्यार्थी ठरला, पदक जाहीर झाले, आणि पदवीदानाला तो हजर राहू शकला नाही. जपानशी युद्ध पेटले म्हणून अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या लोकांना घरादारासकट उचलून तारेच्या कुंपणाच्या छावण्यांत डांबले होते, त्यात इटानोचे कुटुंबही होते. छावणीतून त्याला वैद्यकीय शिक्षणासाठी सोडले. डॉक्टर झाल्यावर तो लायनस पॉलिंग या थोर शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी गेला. तिथे विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन किती वेगाने सरकते हे मोजून त्याने दाखवले की रुग्णाचे हिमोग्लोबिन मुळातच वेगळे आहे. १९४९ साली निबंध छापला गेला, त्यावर चार नावे होती. त्यांतले एक सिंगर यांचे. हे सिंगर पॉलिंगकडे पोस्टडॉक म्हणून आलेले होते! आज मेयोत किंवा मेडिकलमध्ये आपल्या पोराच्या रक्ताची 'इलेक्ट्रोफोरेसिस' तपासणी लिहून देतात, तिचे मूळ या कामात आहे.

कुंपणाआड टाकलेल्या समाजातला मुलगा आणि दोन-तीन वर्षांसाठी आलेला एक पोस्टडॉक. मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव जगाला ठाऊक असते, पण भांडी घासण्यापासून मोजमापापर्यंत काम करणारे हात असेच असतात. बापाला ही गोष्ट फार आवडली. "त्याच्या बापाले कोणी सांगितलं असन का, पोराले शिकू दे म्हणून?" असे त्यांनी विचारले. आम्हाला काय उत्तर देता येणार!

कुठे जायचे, काय मागायचे

आता कामाचे बोलू. लकडगंजहून लांब जायलाच हवे असे नाही. सेंट्रल अव्हेन्यू धरून सरळ गेले की मेयो. मेडिकल आहेच. मिहानला एम्स आहे, ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालेले. त्याच दिवशी लकडगंजला लागून असलेल्या आंबेडकर चौकातून मेट्रोही धावू लागली, त्यामुळे ती तारीख आमच्या लक्षात राहिली. त्याच दिवशी चंद्रपूरचे हिमोग्लोबिनच्या आजारांचे संशोधन केंद्रही देशाला अर्पण झाले, आणि माणूस, जनावर व पर्यावरण यांच्या आजारांचा एकत्र विचार करणाऱ्या 'वन हेल्थ' संस्थेची नागपुरात पायाभरणी झाली. नीरी तर १९५८ पासून नागपुरात आहे. पाण्या-हवेची संस्था म्हणून आपण तिला ओळखतो, पण करोनाच्या वेळी, २०२१ साली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून तपासणी करण्याची पद्धत तिथूनच निघाली.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रुधिर प्रतिरक्षा संस्था आहे, एनआयआयएच. १९५७ साली रक्तगटांच्या केंद्रापासून सुरू झालेली ही संस्था सिकलसेलच्या कामात देशात अग्रेसर आहे. चंद्रपूरचे केंद्र तिच्याशीच जोडलेले. आमच्या मुलीचा अर्ज तिकडच्या एका जागेसाठी होता. पुण्यात विषाणूंसाठी एनआयव्ही आणि पेशींसाठी एनसीसीएस, खारघरला कर्करोगासाठी अ‍ॅक्ट्रेक.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जाहिरातीत 'पोस्टडॉक' हा शब्द असेलच असे नाही. कुठे रिसर्च असोसिएट लिहितात, कुठे प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट. शब्द शोधत बसलेली मुले समोरची जाहिरात सोडून देतात, हे आम्ही पाहिले आहे. आपल्या कारकुनी जगात जसे एकाच कामाला तीन पदनामे असतात तसे हे आहे.

यात दोन जाती आहेत. एक, एखाद्या शास्त्रज्ञाला प्रकल्पासाठी पैसे मिळाले आणि तो माणूस ठेवतो. प्रकल्प संपला की काम संपले. दुसरी, फेलोशिप मुलाच्या स्वतःच्या नावाने येते. ही दुसरी अधिक मानाची आणि अधिक मोकळीक देणारी. आयसीएमआर आपल्या संस्थांमध्ये पोस्टडॉक फेलो घेते. डीबीटीची रिसर्च असोसिएटशिप बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेमार्फत चालते. सीएसआयआरची असोसिएटशिप आहे. एनपीडीएफ नावाची राष्ट्रीय फेलोशिप आधी एसईआरबी देत असे, आता ते काम एएनआरएफ या नव्या संस्थेकडे आले. ती दोन वर्षांची असते, आणि पीएच.डी.चा गाईड तिथे चालत नाही, नवा मार्गदर्शक शोधावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने ९०० जागांची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप जाहीर केली, महिना ५० हजार, त्यात ३० टक्के जागा स्त्रियांसाठी. घरसंसारामुळे कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी डीबीटीची बायोकेअर योजना आहे. आणि सर्वांत मोठी म्हणजे डीबीटी आणि ब्रिटनची वेलकम ट्रस्ट यांची जोड योजना, 'इंडिया अलायन्स'. २००८-०९ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी १५०० कोटींची मंजुरी दिली. जैववैद्यकात स्वतंत्र काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठीच ती आहे.

परदेशाबद्दल आपल्या घरांत एक घोटाळा नेहमी होतो. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. पीएच.डी. झालेल्याने त्यांच्या मागे लागून वर्ष घालवू नये. त्याच्यासाठी फुलब्राइट-नेहरू आहे, जर्मनीची हुम्बोल्ट आहे, युरोपची मेरी क्युरी आहे. या सगळ्यांत पीएच.डी. होऊन किती वर्षे झाली ते मोजतात. मेरी क्युरीला आठ वर्षांची मुभा, फुलब्राइटला त्याहून बरीच कमी. शिवाय तिकडचे कितीतरी प्राध्यापक आपल्याच प्रकल्पाच्या पैशातून माणूस घेतात, त्यांना सरळ पत्र लिहावे लागते. आमच्या मुलीच्या मैत्रिणीने साठावर पत्रे लिहिली तेव्हा तीन उत्तरे आली. पत्र एक पानाचे असावे. ज्याला लिहितो त्याचे निबंध वाचलेले असावेत आणि आपण काय करू शकतो हे त्यात दिसावे. 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू अप्लाय' ही आमच्या कचेरीतली भाषा तिथे उपयोगाची नाही. इंग्रजी साधे असले तरी चालते, हे ती मैत्रीण सांगते, आणि तिचे शिक्षण दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत झाले.

दाखल्याची गोष्ट

आता आमची एक चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण तिच्यामुळे दुसऱ्याचे वर्ष वाचेल.

काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका मुलाचा अशाच एका केंद्रीय फेलोशिपचा अर्ज आम्ही बरोबर बसून भरला. वयाची मर्यादा त्याने ओलांडलेली होती, पण अनुसूचित जातीला सवलत होती. एनपीडीएफचीच मर्यादा पाहा. ३५ वर्षे, आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी व स्त्रियांना पाच वर्षे जास्त. आम्ही त्याच्या घरातला जातीचा दाखला जोडला आणि निश्चिंत झालो. दाखला राज्याच्या नमुन्यातला होता. केंद्राच्या नमुन्यातला हवा होता. अर्ज परत आला. नवा दाखला निघेपर्यंत मुदत गेली, आणि पुढच्या वेळेपर्यंत त्याची पाच वर्षांची सवलतही संपली. तो आज एका औषध कंपनीचा माल दुकानोदुकानी दाखवत फिरतो. भेटला की जयभीम करतो, एका शब्दाने बोलत नाही. त्याने बोलावे असे आम्हाला वाटते.

या दाखल्यामागे मोठी लढाई आहे. १९५६ साली इथेच दीक्षा घेतली, तेव्हा धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने आपल्या परीने दिल्या, पण दिल्लीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क दिले ते १९९० च्या कायद्याने. मधल्या चौतीस वर्षांत आपल्या वडीलधाऱ्यांपुढे दोनच वाटा होत्या, कागदावर धर्म लपवा किंवा जागा सोडा. आज लपवण्याची गरज नाही. पण केंद्राच्या यादीत जातीचे नाव लागते, नुसते 'बौद्ध' लिहून भागत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. उपविभागीय अधिकाऱ्याकडून केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवा, पीएच.डी.चा प्रबंध टंकायला जाईल त्याच वर्षी. वडिलांच्या आणि मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावाची अक्षरे एकसारखी आहेत की नाही तेही तेव्हाच पाहून घ्या.

घरच्यांना काय द्यावे लागते

आम्ही नुसती चांगली बाजू सांगत बसलो तर ती फसवणूक होईल. पोस्टडॉकला पेन्शन नाही, कायमपणाची हमी नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. विद्यावेतन महिनोन्‌महिने अडकते, ही तक्रार देशभरातल्या मुलांची आहे. अशा वेळी ज्याच्या घरी भाड्याला आधार नाही तो पहिला गळतो, आणि तो कोण असतो हे सांगायला नको. शेवटी प्राध्यापकाची किंवा शास्त्रज्ञाची कायम जागा मिळेलच असेही नाही. आम्ही तिसऱ्या श्रेणीतले कारकून, पण महिन्याच्या अखेरीला पगार होतो, या एका गोष्टीवर आमच्या घरातली तीन शिक्षणे झाली. त्यामुळे कायम नोकरी सोडून पोराला अशा वाटेवर घाला, असे आम्ही कोणाला सहज म्हणणार नाही.

मग या बापाला काय सांगितले? एवढेच सांगितले, की तासिकेची नोकरी दोन वर्षांनीही मिळेल, ही जागा मिळणार नाही. वय सरकते. निबंध छापून यायला वेळ लागतो, आणि निबंधाशिवाय पुढचे दार उघडत नाही. आणि दोन वर्षे तिच्या पगारातून घराला काही मागू नका, निदान पहिली सहा महिने तरी.

बाबासाहेबांची आठवण इथे केल्याशिवाय राहवत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली पुन्हा गेले. डी.एससी. १९२३ साली मिळाली. मुदत संपणे, पैसे संपणे, हे त्यांनी स्वतः भोगलेले होते. म्हणूनच १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मागितले की आमच्या मुलांना नुसत्या कलाशाखेच्या आणि कायद्याच्या शिक्षणाने फार होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या वरच्या शिक्षणासाठी दरसाल देशात दोन लाख आणि परदेशासाठी एक लाखाची तरतूद करा. स्वतः कायदेपंडित असलेल्या माणसाने हे मागितले! आपण मात्र अजून प्रयोगशाळेला बिचकतो.

प्रयोगशाळेत काय चालले आहे तेही बापाला थोडे सांगितले. सिकलसेलवर रुग्णाच्या जनुकातच फेरफार करण्याचे उपचार निघाले आहेत. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये अशा पहिल्या उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर! दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने स्वदेशी उपचार बनवला, त्याला 'बिरसा १०१' असे नाव देऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जाहीर झाला. रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला अजून चाचण्यांचे टप्पे आहेत. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत सिकलसेल संपवण्याचे ठरवले आहे, सात कोटी लोकांच्या तपासण्यांनी सुरुवात झाली. हे सारे करायला माणसे लागतील. गावात जाऊन रक्त घेताना कोणत्या घरात पिवळे कार्ड डब्याच्या तळाशी लपवलेले असते, हे कळणारी माणसे लागतील.

मामेभाऊही त्या रविवारी आला होता. वय चोवीस, दिसतो सोळाचा. त्याने सारे ऐकले आणि विचारले, "ताई, मुंबईत माह्या रक्ताचीच तपासणी करशीन का?" ती म्हणाली, "तुझ्यासारख्या शंभर जणांची." तो म्हणाला, "मंग माह्यं पहिलं घे."

मुलाखत परळला होती. केंद्राच्या नमुन्यातला दाखला तिने वर्षभरापूर्वीच काढून ठेवला होता, आम्हाला न विचारता. विदर्भ एक्सप्रेसचे तिकीट तिला मोबाइलवर काढता आले असते, पण बापाने ऐकले नाही. टालीवर अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ते स्टेशनवर गेले, रांगेत उभे राहिले आणि दोन तिकिटे घेऊन आले. एक तिचे, एक त्यांचे. "मुलाखत आत होईन," ते म्हणाले, "मी भायेर बसतो."